अंबाडीचं लफडं

दुसऱ्याच्या कपात डोकावायची मला सवय नाही, हे आमच्या सोसायटीत कोणीही सांगेल. पण चैत्रगौरीचं हळदीकुंकू असावं, आंब्याची डाळ असावी, भिजवलेले हरभरे ओटीत पडावेत, गौरीपुढे कलिंगडाचं कमळ कातरून ठेवलेलं असावं आणि पन्ह्याच्या पेल्यात पन्हंच नसावं? तीनशेदोनवालीनं हे केलं. भर हळदीकुंकवात केलं. सतरा सवाष्णींच्या हातात तिनं काचेचे पेले दिले आणि त्यांत होतं लालभडक, पारदर्शक, थंडगार असं काहीतरी. चारशेएकच्या काकूंनी पेला आधी उजेडाकडे धरून पाहिला. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता उठूनच जातात.

"हिबिस्कस टी," तीनशेदोनवाली म्हणाली. "इजिप्तमध्ये लग्नात पितात. कॅफिन शून्य."

लग्नात पितात म्हटल्यावर काकू बसल्या.

मी घोट घेतला. गाल आत ओढले गेले, कानामागे झिणझिण्या आल्या, एक डोळा आपोआप मिटला. बाकीच्या 'वॉव' म्हणत होत्या आणि माझी जीभ आतल्या आत म्हणत होती, अगं बाई, ही तर अंबाडी!

आमची अंबाडी. यवतमाळकडे कापसाच्या वावरात कडेकडेनं दोन तासं सोडून द्यायची, तिला कोणी पाणी देत नाही, खत देत नाही, कोणी तिच्याकडे बघतही नाही, ती अंबाडी. पुण्यात येऊन तिनं नाव बदललं होतं. पाकिटावर तांबड्या जास्वंदीचं हे एवढं फूल छापलेलं, खाली इंग्रजीत आरोग्याच्या शपथा आणि शंभर ग्रॅमची किंमत साडेतीनशे रुपये.

घरी येऊन आईला फोन केला. ती थोडा वेळ गप्पच राहिली.

"साडेतीनशे? अंबाडीच्या बोंडाले? काऊन वं पोरी, पुण्यातल्या चिंचा सरल्या का?"

आता खरं सांगायचं तर हळदीकुंकवात मी तोंड उघडायला हवं होतं. 'ही अंबाडी आहे' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. त्यामागे सव्वीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो सासूबाईंच्या देखत काढण्यासारखा नव्हता. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आईनं डब्यात भरून वाळवलेली बोंडं दिली होती, चटणीला आणि सरबताला. सासूबाईंनी डबा उघडला, वास घेतला आणि विचारलं, "हा आंबट भुसा कशाचा?" डबा माळ्यावर गेला. पुढे श्रावणात मंडईत अंबाडीची जुडी दिसली म्हणून मी हौसेनं भाजी केली. तुरीची डाळ, तांदळाच्या कण्या, शेंगदाणे आणि वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी. भाकरीवर भाजी, भाजीवर ती फोडणी. सासूबाईंनी एक घास घेतला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे पालेभाजीत गूळ असतो." संपलं. त्यानंतर या घरात अंबाडी शिजली ती फक्त सासूबाई आळंदीला गेल्या की. बाई चोरून काय काय करतात. मी अंबाडी करत आले.

आणि परवा त्याच सासूबाईंनी तीनशेदोनवालीच्या हातून दुसरा पेला मागून घेतला. माझ्या डोळ्यांदेखत.

हळदीकुंकू झालं आणि सोसायटीला वेड लागलं. मागे निळ्या चहाचं लागलं होतं तसंच. तेव्हा गोकर्णीच्या वेलाला फूल टिकेना. पहाटे पाचला उठून कोण कोणाच्या वेलाची फुलं खुडतं याच्यावर दोन घरांचं बोलणं बंद झालं. लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं, एवढ्या एका करामतीवर वर्षभर पाहुण्यांना पिडलं लोकांनी. या वेळी लाल. आठ दिवसांत सहा घरांत पाकिटं आली, जूनपर्यंत गच्चीत कुंड्या आल्या आणि कालपर्यंत तुळस वाळवून मारणाऱ्या बायका 'आमचं हिबिस्कस' म्हणून बोलायला लागल्या.

पहिली फजिती जास्वंदीवरून. पाकिटावरचं चित्र पाहून दोनशेतीनवालीनं दारातली जास्वंदीची फुलं वाळवली, उकळली, आणि बेचव गुलबट पाणी पाहुण्यांना पाजलं. पाहुणे भले होते, प्यायले. अहो, जास्वंद आणि अंबाडी एकाच कुळातल्या, भेंडीही त्यातलीच, कापूसही त्यातलाच. पण चहा फुलाचा नसतोच मुळी. अंबाडीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, फिकट पिवळसर, मध्यभागी गडद डोळा, आणि दिवस कलेपर्यंत मिटून जातं. खरा तमाशा त्याच्यानंतर. फुलाला खालून धरून बसलेली जी वाटी असते, पुस्तकात तिला निदलपुंज म्हणतात आणि आमच्याकडे बोंड, ती फूल गळल्यावर फुगायला लागते. तीनेक आठवड्यांत मांसल, रसरशीत, दातांखाली करकरणारी होते. तो खाऊ. पाकिटावर फोटो नटीचा छापायचा आणि आत काम सगळं तिच्या आईनं करायचं, असला हा प्रकार.

दुसरी फजिती एकशेचारच्या काकांची. निवृत्त माणूस, हातात वही, दर गोष्टीची तारीख. त्यांनी पाकिटबिकिट काही घेतलं नाही. "अंबाडी म्हणजे अंबाडी," म्हणून मंडईतून भाजीचं बी आणलं आणि गच्चीच्या कोपऱ्यात ड्रममध्ये टाकलं. झाडं ताडमाड वाढली. सरळसोट, फांदी नाही, बांधा नाही. काका खूश. बोंडं आली ती मात्र सुकडी, हिरवट आणि अंगावर कूस. त्यांचा चहा केला असता तर घशात गेलेली कूस काढायला डॉक्टर लागला असता. काकांना कोणी सांगितलंच नव्हतं की अंबाडी नावाच्या दोन बहिणी आहेत. एक देशी, जिचा वाख काढतात. दोर वळायचे, कासरे वळायचे, खाटा विणायच्या, आणि कोवळी असताना भाजी करायची. दुसरी लाल अंबाडी, हिबिस्कस सबदरिफा. तिच्यातही पुन्हा एक जात उंच वाखाची आणि एक बुटकी, पसरट, गुबगुबीत बोंडांची. चहा या शेवटचीचा. वाखवाल्यांना हसू नका हं. १९४७ साली ताग पिकवणारा बराचसा मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला आणि तागाच्या गिरण्या कलकत्त्याकडे राहिल्या, तेव्हा पोती विणायला ह्याच दोघी बहिणींना हाताशी धरलं होतं. बाजारात दोघींचं नाव एकच, मेस्ता. म्हणजे संसाराला हातभार लावायची वेळ आली की ही, आणि काचेच्या पेल्यात मिरवायची वेळ आली की तिची गुबगुबीत बहीण.

कोकणातल्या पाचशेदोनवाल्या आणखी तिसरंच समजून बसल्या होत्या. त्यांच्याकडे अंबाडे म्हणजे झाडावरचं आंबट फळ. त्या मे महिनाभर 'अंबाड्यांचा चहा कसला करता, रायतं करा' असं सांगत होत्या आणि कोणी ऐकत नव्हतं म्हणून रुसल्या होत्या.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती मी मुद्दाम सगळ्यांना सांगत सुटले, कारण त्यात आमच्या गावाची अब्रू होती. तीनशेदोनवालीनं रोपांचे लाड केले. सकाळ-संध्याकाळ पाणी, मधूनच आंघोळ. कुंडीखाली ताटली, ताटलीत तळं. ऑगस्टमध्ये दोन रोपं पिवळी पडून मेली. मुळं कुजली. अंबाडीला उपास सोसतो, लाड सोसत नाहीत. आफ्रिकेतली मूळची ती, सुदानमध्ये कोर्दोफानच्या रेताड जमिनीत नुसत्या पावसावर पिकते. तिला तुमच्या ताटलीतल्या पाण्याचं काय कौतुक? रुजेपर्यंत ओल हवी, मग पंधरा इंची कुंडी, निचऱ्याची माती, ऊन भरपूर आणि तुमचा हात थोडा आखडता. ढोपराएवढी झाली की शेंडा खुडायचा. खुडलेला पाला भाजीला आणि झाडाला चार फांद्या जास्त. फांदी तेवढी बोंडं. कापसाची नातेवाईक असल्यानं पिठ्या ढेकूण तिच्याकडे पाहुणचाराला येतोच, पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की ओल्या फडक्यानं पुसून काढायचा. एवढंच. वॉचमनच्या बायकोनं पंपघराच्या मागे, जिथे सिमेंटचा राडा पडला होता, तिथे चार बिया टोचल्या आणि विसरून गेली. तिची अंबाडी सगळ्यांत देखणी. ती बिदरकडची. तिला विचारलं, "तुला कसं ग माहीत?" तर म्हणाली, "ही तर पुंडी. आमच्यात रोज खातात."

म्हणजे पाहा. यवतमाळात अंबाडी, बिदरकडे पुंडी, आंध्रात गोंगुरा. ही बाई जिथे जाते तिथे वेगळं नाव सांगून राहते, हे मला कळलं तेव्हा मी जरा खोलात चौकशी केली. सोसायटीत भाडेकरूची चौकशी करतो की नाही आपण? तर इजिप्तमध्ये आणि सुदानमध्ये करकदे. सेनेगलमध्ये बिसाप. नायजेरियात झोबो. मेक्सिकोत तिला 'जमैका' म्हणतात आणि खुद्द जमैकात विचारलं तर तिथे ती 'सॉरेल'! आलं घालून, रम ओतून, नाताळात पितात. रम! हे मी चारशेएकच्या काकूंना सांगितलं नाही. गुलामांच्या जहाजांबरोबर आफ्रिकेतून अमेरिकेकडे गेली म्हणतात, तिथेही उपाशी माणसांच्या परड्यातच वाढली. मग जर्मन लोकांनी फळांच्या चहाला रंग यावा म्हणून तिची खरेदी सुरू केली. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका कंपनीनं तिला 'रेड झिंगर' असं फटाक्यासारखं नाव देऊन विकलं आणि १९७५ साली त्या नावानं सायकलची शर्यत भरवली. सायकलची शर्यत! आमच्याकडे अंबाडीच्या नावानं फार तर शंकरपट भरला असता, तोही कोणी भरवला नाही.

तर या सगळ्या प्रकरणात मीही ओढली गेले. होय, मीही लावली. आईनं फडक्याच्या पुरचुंडीत बी पाठवलं होतं, ते का वाया घालवायचं? गच्चीत जागा उरली नव्हती. सी-विंगच्या मागे, भिंतीलगत, हात-दीड हात रुंदीची पट्टी कोणालाच नको होती. तिथे मी तीन रोपं लावली. कमिटीला विचारून लावली, लेखी. माहेरचं बी ते! दसऱ्यापर्यंत माझ्या खांद्याला लागलं. खोडं तांबूस, पानं हिरवीगार, बघत राहावं.

आणि कळी नाही.

गच्चीवर तीनशेदोनवालीच्या वाचलेल्या रोपाला कळ्या आल्या. पंपघरामागे वॉचमनच्या बायकोच्या झाडांना बोंडं लगडली. एकशेचारच्या काकांची ती कुसळी पोरगीही फुलून गेली. माझ्या तिघी मात्र उफाड्याच्या, धडधाकट, आणि काही नाही. दिवाळीत फराळाचं ताट द्यायला आलेली तीनशेदोनवाली खिडकीतून खाली बघून म्हणाली, "अजून काही नाही का हो?" ज्या सुरात एखाद्या नव्या सुनेबद्दल विचारतात ना, अगदी त्याच सुरात. मी म्हटलं, "येतील. घाई काय आहे?" आणि दार लावल्यावर ओवाळणीचं तबक आपटलं.

उलगडा झाला भाऊबीजेनंतर, खालच्या बाकावर. एकशेचारच्या काकांनी वही उघडली. म्हणाले, या झाडाला पाण्याचा हिशेब कमी आणि अंधाराचा जास्त. दिवस लांब असेपर्यंत ते नुसतं पाला वाढवतं. रात्री वाढायला लागल्या, दिवस बारा तासांच्या आत-बाहेर आला, की त्याला आतून कळतं आणि मग कळ्या धरतं. म्हणूनच आपल्याकडे जूनमध्ये पेरा की जुलैत, बोंडं दिवाळीच्या आगेमागेच. जमैकात नाताळात पितात तेही त्याचमुळे. सणासाठी झाड थांबत नाही, झाड फळतं तेव्हाच तिथे सण येतो. जानेवारीत पेरलंत तर वीतभर रोपालाच कळ्या येऊन बसतील, म्हणजे बालविवाह. आणि रात्री अंगावर झगझगीत दिवा असला, तर झाडाला रात्र झाल्याचं कळतच नाही. ते बिचारं जूनच समजून बसतं.

आम्ही सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. सी-विंगच्या मागचा फ्लडलाइट. मागच्या वर्षी गाड्यांमधून पेट्रोल चोरीला गेलं म्हणून बसवलेला. रात्री दहा ते पहाटे साडेपाच, माझ्या तिन्ही पोरींच्या थेट डोळ्यांवर.

दिवा बंद करा म्हणून मी कमिटीला अर्ज दिला. सेक्रेटरींचं उत्तर आलं, 'एका सभासदाच्या भाजीपाल्यासाठी सर्वांची सुरक्षितता धोक्यात घालता येणार नाही.' भाजीपाला! पन्ह्याच्या पेल्यात दोनदा मागून घेताना भाजीपाला नव्हता.

बाकावर त्या संध्याकाळी सासूबाईही होत्या. हातात जपमाळ होती, डोळे मिटलेले होते. त्यांनी काही ऐकलं असेल असं कोणालाच वाटलं नाही.

त्यानंतर साधारण आठवड्यानं सोसायटीच्या ग्रुपवर कॅमेऱ्याची फीत आली. रात्री साडेनऊ. सी-विंगच्या मागे पांढुरकं, लांबलचक, फडफडणारं काहीतरी. भिंतीशी जातं, हात वर करतं, आणि तिथे जी तीन झाडं होती त्यांच्या जागी तीन पांढऱ्या आकृत्या उभ्या राहतात. दोनशेतीनवालीनं लिहिलं, 'पेट्रोल चोर??' पाचशेदोनवाल्यांनी लिहिलं, 'चोर नव्हे. आमच्या गावी असं पाहिलंय. अमावास्या कधी आहे?' कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. सेक्रेटरींनी लिहिलं, 'रात्री नऊनंतर मुलांना खाली पाठवू नये.' तीनशेदोनवालीनं लिहिलं, 'आपल्या हिबिस्कसला दृष्ट लागली असेल.' आपल्या! माझी रोपं एका रात्रीत आपली झाली.

मी ती फीत चार वेळा पाहिली. पाचव्यांदा पाहायची गरज पडली नाही. उजवा पाय जरा फेकून टाकायचा, थांबताना कंबरेवर डावा हात. सव्वीस वर्षं मी त्या चालीच्या मागून देवळात, मंडईत आणि दवाखान्यात चालले आहे.

जेवणानंतरची शतपावली. आणि पहाटे साडेपाचला देवाची फुलं आणायला जाणं. दोन्ही वेळा कोणी कधी विचारलेल्या नाहीत. मी अडगळीचं कपाट उघडलं, त्यांची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली तीन नऊवारी जागेवर नव्हती.

ग्रुपवर मी लिहिलं, 'मला तर काहीच दिसत नाहीये, पाऊस असेल कॅमेऱ्यावर.' नोव्हेंबरात.

वीसेक दिवसांनी मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या. पानापानाच्या बेचक्यात. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, अंबाडीला कळ्या आल्या." त्या निरांजनाची वात वळत होत्या. "हो का?" म्हणाल्या. "आल्या असतील."

डिसेंबर सरता सरता बोंडं उतरवली. कात्रीनं, सकाळी, कारण हातानं ओढलं तर फांदी सोलून येते. आतली बी काढायची ती खरी कटकट. देठाशी सुरीनं गोल काप द्यायचा आणि आतला हिरवा गोंडा अंगठ्यानं ढकलून बाहेर काढायचा. पन्नास बोंडांनंतर अंगठा जांभळा, शंभरानंतर नख दुखतं, त्यानंतर माणूस साडेतीनशे रुपयांकडे जरा आदरानं बघायला लागतो. एवढं करून वाळवलं की दहा किलोचं साधारण किलोभर उरतं. माझी तर जेमतेम बरणी भरली. वाळवायचं फडक्यावर, सावलीत, वाऱ्यावर. कडक उन्हात रंग उडतो.

करायला काहीच नाही. उकळतं पाणी, चिमूटभर बोंडं, झाकण, पाच-सहा मिनिटं. गुळाचा खडा, आलं, एखादी दालचिनीची काडी. मात्र ॲल्युमिनियमच्या पातेल्यात नको आणि कल्हई नसलेल्या पितळेतही नको, आंबटपणा जबरदस्त आहे. स्टील घ्या, काच घ्या. आणि दूध? दुधाचं आमच्या ह्यांना विचारा. 'चहा' म्हटल्यावर ह्यांनी सवयीनं कपात दूध ओतलं. कपात दही, पाणी आणि गुलबट चोथा असे तीन पक्ष झाले. ते घटकाभर पाहत राहिले आणि म्हणाले, "तुझ्या माहेरचा चहा फाटला." बारावीतल्या भाच्यानं दुसऱ्या कपात खायचा सोडा टाकून दाखवला; लालचं निळसर-हिरवं झालं. शाळेत प्रयोगाला छान, प्यायला नको.

आता रक्तदाबाचं. सोसायटीत कोणाचा नाही ते सांगा. तीनशेदोनवाली छातीठोकपणे सांगते की बीपी उतरतं, आणि मला सांगायला लाज वाटते, पण ती सगळीच खोटी बोलत नाही. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या लोकांनी २०१० साली अभ्यास छापला. ६५ माणसं, रक्तदाब जरासा चढलेली, त्यांतल्या साधारण निम्म्यांना सहा आठवडे रोज तीन कप दिला. वरचा आकडा सरासरी सातानं उतरला. नुसतं रंगीत पाणी प्यायलेल्यांचा एकानं. पण म्हणून चारशेएकच्या काकूंनी परस्पर गोळी बंद करून कप धरावा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं, दिवस गेलेल्यांनी दूरच राहावं, आणि दिवसभर घुटके घेत बसलात तर दातही आंबतील. काकूंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग त्यात राहिलं काय?" मी म्हटलं, चव.

आणि एवढं सगळं होऊन, बरणी भरून, सगळीकडे 'अंबाडीचा चहा' म्हणून मिरवून झाल्यावर बातमी कानावर आली. २०२५च्या डिसेंबरातली. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं खुलासा काढला होता, की कॅमेलिया सायनेन्सिस नावाच्या झाडापासून जो होतो तोच चहा. बाकी फुलांचा, पाल्याचा, मुळ्यांचा काढा कितीही महाग विकलात तरी वेष्टनावर 'चहा' म्हणायचं नाही. तीनशेदोनवालीच्या चेहऱ्यावर सुतक. पाकिटाचं काय? फोटोचं काय? एकशेचारच्या काकांना भलतीच चिंता, "मग आता गवती चहाला काय म्हणायचं? नुसतं गवत?" ते पुढचे तीन दिवस भाजीवाल्याकडे 'दोन रुपयांचं ते' असं मागत होते. मी त्यांना समजावलं, की हे विकणाऱ्यांसाठी आहे, आपल्या परसाला लागू नाही.

मला मात्र त्या बातमीनं हसू आलं. इतकी गावं हिंडून, इतकी नावं बदलून, जर्मनीत रंग देऊन, अमेरिकेत सायकली पळवून शेवटी ह्या बाईला दिल्लीहून सांगण्यात आलं की बाई, तुम्ही तुमच्या नावानं राहा.

आईला बातमी सांगितली. म्हणाली, "आमी कधी म्हटलं होतं वं चाय?"

संक्रांत आली आहे. आमच्याकडे यंदा हळदीकुंकवाला कोणाला काय द्यायचं यावर घरात चर्चा चालू आहे. मी तिळगुळाच्या पुढ्या करायच्या म्हणते, सासूबाईंनी न बोलता बरणी ओट्यावर आणून ठेवली आहे. ग्रुपवर सेक्रेटरी अजून त्या फितीतल्या आकृतीच्या मागे आहेत. आणखी दोन कॅमेऱ्यांचं कोटेशन मागवलंय म्हणे.

काल दुपारी मी भिंतीजवळची झाडं काढायला निघाले, तर सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या, "शेंड्याला कोवळी पानं आहेत अजून. टाकू नकोस."

मी म्हटलं, "काय करायचं त्यांचं?"

"ती तुझी, कण्या घालून करायचीस ती."

मी पानं निवडली. डाळ लावली, कण्या घातल्या, लसूण ठेचला. आणि सव्वीस वर्षांची सवय, हात आपोआप गुळाच्या डब्याकडे गेला.

मागून आवाज आला, "अंबाडीत गूळ कोण घालतं?"